लाइन बराबर आहे

आकांक्षा बोरसेने प्रश्न विचारायचा आणि हिंमतराव शिर्क्यांनी उत्तर द्यायचं ते तिच्या शेजारी बसलेल्या प्रतापसिंहाला, असा प्रकार पहिल्याच भेटीत सुरू झाला.

"साहेब, डभोई रोडच्या गोडाउनमध्ये किती जणांना फोन लागतो?" तिने विचारलं.

हिंमतरावांनी चष्मा सारखा केला आणि प्रतापसिंहाकडे वळून म्हणाले, "चहा घेणार ना? आमच्याकडे चहा बरा होतो."

प्रतापसिंह तिच्या हाताखालचा तंत्रज्ञ. वायरी ओढायच्या, यंत्रं बसवायची, चालू करून द्यायची, हे त्याचं काम. बोलणी करणं त्याच्याकडे नव्हतंच. तो कावराबावरा होऊन आकांक्षाकडे बघायचा. तिने खूण केली की आपल्या भरदार आवाजात तोच प्रश्न पुन्हा विचारायचा, आणि मग हिंमतराव अगदी मुद्देसूद उत्तर द्यायचे.

बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या त्या कारखान्यातून बाहेर पडताना आकांक्षाचा चेहरा उतरला होता. "बाईमाणसाशी धंद्याचं बोलायचं नसेल त्यांना. मग तसं सरळ सांगावं ना!"

"जुनी माणसं, बेन," प्रतापसिंह म्हणाला. "मनावर नाही घ्यायचं."

पण ती घेत होती. तिचे वडील भुसावळहून बदली होऊन प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आले तेव्हा ती शाळेत होती. पुढे इथेच इलेक्ट्रॉनिक्स शिकून ती अलकापुरीत दिनकररावांकडे कामाला लागली. दिनकरराव कंपन्यांना टेलिफोन एक्सचेंज विकायचे. पण आता २००७ साल उजाडलं होतं आणि नुसतं एक्सचेंज कुणाला नको होतं. घरोघर ब्रॉडबँड आलं होतं, शिपायाच्या खिशातसुद्धा मोबाइल होता, आणि तरी हवा तो माणूस हव्या त्या वेळी फोनवर सापडत नव्हता. त्यावर जो नवा माल आला होता त्याला युनिफाइड कम्युनिकेशन म्हणत. टेबलावरचा फोन, मोबाइल, फॅक्स, ई-मेल, आणि संगणकावर दोन ओळी लिहून पाठवायची चॅटची खिडकी, हे सगळं एकाच व्यवस्थेत. गिऱ्हाइकाने एकच नंबर फिरवायचा. माणूस कारखान्यात असो की दांडिया बाजारातल्या ऑफिसात, फोन त्याला शोधत जाणार. नाहीच सापडला तर बोललेला निरोप त्याच्या मेलमध्ये जाऊन पडणार. आकांक्षाचा या मालावर मनापासून विश्वास होता. म्हणून तर कुणी तिच्याकडे न बघता नाकारलं की तिला लागायचं.

शिर्क्यांकडे तिला बोलावलं होतं ते हिंमतरावांच्या मुलीने, पूर्वीने. हिंमतरावांचे वडील संस्थानच्या फौजेत होते. फौज गेली तेव्हा घरात मान होता आणि हाताला काम नव्हतं. हिंमतरावांनी एक सेकंडहँड प्रेस घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये गॅस्केट कापायला सुरुवात केली. गॅस्केट म्हणजे दोन पाइपांच्या जोडातून गळू नये म्हणून मधे बसवायची चकती. बडोद्याच्या आजूबाजूला रसायनांचे, खतांचे कारखाने उभे राहत गेले तसा शिर्क्यांचा धंदा वाढत गेला. आता मकरपुऱ्याला मोठा कारखाना, दांडिया बाजारात जुनं ऑफिस आणि डभोई रोडला गोडाउन, अशा तीन जागा होत्या. तिन्ही जागांचे फोन वेगळे, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही.

"मस्कतच्या पार्टीने दांडिया बाजारात फोन केला," पूर्वीने सांगितलं होतं. "मी होते कारखान्यात. त्यांना कुणीतरी म्हणालं, बेन नथी. संपलं. त्यांनी माल दुसरीकडून घेतला. आणि आबांचं एकच पालुपद, लाइन खराब आहे. त्या नादात आम्ही आजवर तीन एक्सचेंजं बदलली, कारखान्यातली सगळी केबल नवी टाकली. तरी लाइन खराबच! या वेळी मला नीट पारखून घ्यायचंय."

दाखवायचा दिवस आला. आणखी दोन कंपन्या येऊन आपापला माल दाखवून गेल्या होत्या. आकांक्षाने रात्रंदिवस खपून तयारी केली होती. सुरुवात छान झाली. हिंमतराव पुढे सरकून बसले आणि तिच्या चेहऱ्याकडे टक लावून ऐकू लागले, इतकं की तिला थोडं अवघडल्यासारखं झालं. पण निदान बघत तरी होते. मग प्रोजेक्टरसाठी कुणीतरी दिवे घालवले. पडद्याच्या उजेडात आकांक्षा फोनचा प्रवास समजावत राहिली आणि हिंमतरावांची चुळबुळ सुरू झाली. त्यांनी मधेच, काही संबंध नसताना, केबलची गॅरंटी विचारली. तिने उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मग खुर्ची मागे ढकलून ते उठले.

"पुरे. मला नाही यात काही पटत," असं म्हणून ते निघून गेले.

पूर्वीने दिवे लावले. रागाने आणि लाजेने तिचा चेहरा लाल झाला होता. "वाईट वाटून घेऊ नकोस," ती म्हणाली. "माझ्याशीही हेच करतात. मी बोलायला लागले की उठून जायचं. तेच मॅनेजरने सांगितलं की ऐकायचं. एवढी शिकून परत आले ती कशाला, असं होतं कधीकधी."

तरी पूर्वीने हट्ट धरून एवढं करून घेतलं की काही दिवस ही व्यवस्था कारखान्यात चालवून बघायची. प्रतापसिंहाने सर्व्हर लावला. हिंमतरावांच्या आणि पूर्वीच्या टेबलावर नवे फोन आले, संगणकांत चॅट आलं. दोन दिवस गेले असतील नसतील, पूर्वीचा फोन आला. तिचा सूर अगदी थकलेला होता.

"आबा म्हणतात, लाइन खराब आहे. ती चॅटची खिडकी तेवढी त्यांना आवडलीय. एका बोटाने टाइप करत बसतात. पण फोन काढून न्या म्हणतात."

आकांक्षा आणि प्रतापसिंह तडक मकरपुऱ्याला पोचले. पूर्वी खाली डिस्पॅचमध्ये माल भरून घेत होती. तिच्या आणि हिंमतरावांच्या केबिनच्या मधे काच होती. आकांक्षा पूर्वीच्या खुर्चीत बसली, लॅपटॉप लाइनला जोडला आणि हिंमतरावांचा नंबर लावला.

"साहेब, मी आकांक्षा. आवाज येतोय का?"

"कोण बोलतंय? हॅलो? कापतोय आवाज. हे बघा, हेच मी सांगत होतो!"

लॅपटॉपवर सगळं निर्मळ होतं. कुठे खंड नाही, कुठे खरखर नाही. तिने रिसीव्हर प्रतापसिंहाकडे दिला.

"साहेब, प्रतापसिंह बोलतोय."

"हां, बोल. आता बराबर येतंय. काय केलंस?"

प्रतापसिंहाने काहीच केलं नव्हतं. तोच फोन, तीच वायर. आकांक्षाने पुन्हा रिसीव्हर घेतला, पुन्हा बोलली, आणि या वेळी लॅपटॉपकडे न बघता काचेतून पलीकडे बघितलं. हिंमतरावांनी रिसीव्हर कानात रुतेल एवढा दाबून धरला होता. कपाळाला आठ्या होत्या. दुसऱ्या हाताने त्यांनी टेबलाची कड घट्ट पकडली होती. हा माणूस तिचा अपमान करत नव्हता. जीव तोडून ऐकायचा प्रयत्न करत होता.

दिवे गेल्यावर त्यांना काय झालं होतं ते तिच्या आता लक्षात आलं. अंधारात तिचे ओठ दिसेनासे झाले होते. रेल्वे क्वार्टरमध्ये शेजारी लोको शेडमधले एक काका राहायचे. बायकोने चार हाका मारल्या तरी ओ द्यायचे नाहीत. सगळी कॉलनी त्यांना अडेलतट्टू म्हणायची. पुढे रेल्वेच्या दवाखान्यात कान तपासले तेव्हा कळलं, हातोड्यांच्या आवाजाने कान गेले होते. आणि जाताना आधी गेले होते ते बारीक, उंच आवाज. बायकांचे आणि लेकरांचे. पुरुषांशी ते बऱ्यापैकी बोलू शकायचे, म्हणून तर कुणाला संशय आला नाही.

हिंमतरावांनी उमेदीची सगळी वर्षं प्रेसच्या दणदणाटात उभं राहून काढली होती.

"प्रतापभाई, जरा खालची जोडणी बघून येता?" ती म्हणाली. प्रतापसिंहाला खाली बघण्यासारखं काही नव्हतं हे ठाऊक होतं, पण तो गेला.

आता काय करावं? मालकाला तोंडावर सांगायचं की दोष तुमच्या कानांत आहे? तेही गिऱ्हाइकाला, ज्याने आधीच नाही म्हटलंय? ऑर्डर तर जाईलच, वर दिनकररावांकडे तक्रार जाईल. न सांगावं, तर ही व्यवस्थासुद्धा आधीच्या तीन एक्सचेंजांच्या वाटेने भंगारात जाणार. आणि मोठ्याने बोलून सांगायचं तर बाहेर बसलेल्या क्लार्कांना ऐकू जाणार, हिंमतरावांना नाही. तिला याच गोष्टीचं सर्वांत वाईट वाटलं.

तिने चॅटची खिडकी उघडली. मराठी अक्षरं उमटवायची सोय त्यात नव्हती, इंग्रजी अक्षरांतच मराठी लिहावं लागायचं.

"साहेब, मी आकांक्षा. शेजारून लिहितेय. लाइन बराबर आहे."

काचेपलीकडे हिंमतराव पडद्याकडे वाकले. एक बोट हळूहळू फिरू लागलं.

"मग आवाज का येत नाही"

तिने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. "प्रतापसिंहाचा येतो. माझा येत नाही. पूर्वीताईंचाही येत नसणार. मशीनजवळ खूप वर्षं काम केलं की बारीक आवाज आधी जातात. आमच्या रेल्वे कॉलनीत बऱ्याच जणांना झालं होतं. यात कमीपणा नाही. उपाय आहे."

हिंमतरावांनी वाचलं. आकांक्षाला वाटलं, आता हा माणूस उठेल, फोन उपटून टाकेल आणि आपल्याला फाटक दाखवेल. पण त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, डोळे चोळले, पुन्हा चष्मा घातला.

"पूर्वीला बोललात"

"नाही. ते तुम्हीच सांगायचं. त्यांना वाटतं, तुम्ही मुद्दाम त्यांचं ऐकत नाही."

"मुद्दाम?"

"हो."

बोट थांबलं. मग अक्षर शोधत शोधत एक ओळ आली. "मला वाटायचं ती माझ्यावर रागावली आहे. म्हणून तोंडातल्या तोंडात बोलते."

आकांक्षाने ती ओळ पुन्हा वाचली. तिने वर बघितलं तर हिंमतरावांची खुर्ची रिकामी होती. ते बाहेर आले, तिच्या दारात क्षणभर थांबले. ती उठायला लागली तशी "बसा, बसा" म्हणाले आणि जिना उतरून डिस्पॅचकडे गेले.

बापलेकीत तिथे काय बोलणं झालं ते आकांक्षाने कधी विचारलं नाही. पूर्वी वर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते आणि ती हसतही होती. "मी इतकी वर्षं ओरडून भांडले असते तर बरं झालं असतं गं," एवढंच म्हणाली.

आकांक्षाने प्रस्ताव बदलला. बघितल्याबरोबर दिनकरराव वैतागले. "पहिल्या पानावर कानाच्या डॉक्टरचं नाव? आपण फोन विकतो की श्रवणयंत्रं?"

"डॉक्टरशिवाय आपला फोन टिकणार नाही, साहेब. त्यांनी तीन काढून टाकलेत."

दिनकररावांनी तिच्याकडे बघितलं, कागद उलटसुलट केले. जी भारी यंत्रं शिर्क्यांना लागणारच नव्हती ती तिने गाळली होती. उलट हिंमतरावांच्या आणि पूर्वीच्या टेबलांसाठी पडदा असलेले फोन घातले होते, समोरच्याचा चेहरा दिसावा म्हणून. निरोप मेलमध्ये जाऊन पडण्याची सोय होती, पुन्हापुन्हा लावून ऐकता यावा म्हणून. आणि चॅट तिन्ही जागी. "कर तुला काय करायचं ते," दिनकरराव म्हणाले, आणि त्यांच्या तोंडी हा होकारच होता.

या वेळी बैठक दिवसाउजेडी, खिडक्या उघड्या ठेवून झाली. आकांक्षा हिंमतरावांच्या समोर बसली. त्यांनी प्रश्नांची सरबत्ती लावली, आणि ते प्रश्न खरोखर अवघड होते.

"सगळं एका सर्व्हरवर म्हणता. तो बसला तर माझ्या तिन्ही जागा मुक्या होणार. मग?"

"सहसा बसत नाही, साहेब."

"प्रेससुद्धा सहसा बसत नाही. बसते तेव्हा ऑर्डर तोंडावर असते."

तिच्याकडे याचं चांगलं उत्तर नव्हतं आणि तिने तसं कबूल केलं. दोन दिवसांनी ती उत्तर घेऊन आली. प्रत्येक जागी एक जुनी साधी लाइन आणि साधा फोन तसाच ठेवायचा, सर्व्हरशी संबंध नसलेला. हिंमतराव म्हणाले, "हां, आता बराबर." दुसऱ्या कंपनीचा माल दिसायला जास्त झकपक होता. पूर्वीचा ओढा थोडा तिकडे होता. पण हिंमतराव आकांक्षाच्या बाजूने उभे राहिले, आणि त्यावर त्यांची नि पूर्वीची जोरदार खडाजंगी झाली. समोरासमोर, एकेक शब्द ऐकून.

दिवाळीच्या सुट्टीत काम धरलं. बडोद्यात दिवाळीनंतर लाभपाचमेपर्यंत बाजार बंद असतो. तेवढ्यात तिन्ही जागा जोडायच्या होत्या. प्रतापसिंहाने घरच्या फराळाचा डबा आणून दांडिया बाजारातल्या ऑफिसात मुक्कामच ठोकला. लाभपाचमेला सकाळी पूजा झाली, पेढे वाटले, पूर्वीने मुहूर्ताचा फोन दांडिया बाजारातून कारखान्याला लावला. मुका. पुन्हा लावला. मुका. आकांक्षाने लॅपटॉप जोडून बघितला. रस्त्यात कुठेतरी खोदाईत केबल तुटली होती आणि दांडिया बाजारचं ऑफिस सर्व्हरपासून तुटलं होतं.

तेवढ्यात कोपऱ्यातला जुना काळा फोन खणखणला. कारखान्यातून हिंमतराव होते. पूर्वीने घेतला. आकांक्षा शेजारी उभी होती, तिला पलीकडचा आवाज ऐकू आला.

"काय गं, मुहूर्त टळतोय ना! बोल."

पूर्वी थोडी घाबरत बोलली. ऐकू जाईल ना, या विचाराने तिचा आवाज चढला.

"अगं, ओरडू नकोस," हिंमतराव म्हणाले. "ते यंत्र कालच घातलंय कानात. पंख्याचा आवाज येतोय, कागदाचा येतोय. तुझा तर नको तेवढा येतोय."

पूर्वीने रिसीव्हरवर हात ठेवला आणि आकांक्षाकडे बघून रडत रडत हसायला लागली.

केबल दुपारी जोडली गेली आणि व्यवस्था चालू झाली. पहिले दोन आठवडे कटकटीचे गेले. गोडाउनमधल्या माणसांना निरोप कसे ऐकायचे ते कळेना, कुणाचा तरी फॅक्स भलत्याच्याच संगणकावर उतरला. पण मस्कतची पार्टी परत आली. त्यांचा फोन दांडिया बाजारात वाजला, तिथून कारखान्यात गेला आणि शेवटी पूर्वीच्या मोबाइलवर, भाजी घेताना तिला सापडला.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधी पूर्वीने आकांक्षाला बोलावून घेतलं. प्रेस शॉपमध्ये एक जास्तीचा फोन हवा होता. आकांक्षा आणि प्रतापसिंह पोचले तर सगळ्या प्रेस बंद होत्या. आठवड्याच्या मधल्या दिवशी तिने तो कारखाना असा शांत कधी पाहिला नव्हता. एका खोलीत कानाचे डॉक्टर मशीन मांडून बसले होते. कोपऱ्यातल्या खोक्यात प्रेसवाल्यांसाठी आणलेली कानावर घालायची नवी झाकणं होती. कामगार दारात घोळका करून उभे होते, आणि आत जायला कुणीच तयार नव्हतं. तपासलं, बहिरा निघालो आणि नोकरी गेली तर? असं कुणीतरी दबक्या आवाजात म्हणत होतं.

"काय म्हणाला तो?" हिंमतरावांनी विचारलं.

पूर्वीने सांगितलं.

हिंमतराव घोळक्यातून वाट काढत पुढे आले. दाराशी त्यांनी डाव्या कानातलं यंत्र काढलं, मग उजव्या कानातलं, आणि सगळ्यांना दिसतील अशा बेताने दोन्ही तळहातावर धरली. "हे घालून मी कारखाना चालवतोय," ते म्हणाले. "न घालता चालवत होतो तेव्हा माझ्या पोरीशी भांडत होतो. कुणाची नोकरी जाणार नाही. आधी मी बसतो."

ते स्टुलावर बसले. डॉक्टरांनी त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवला. दार लोटून घेतलं. बाहेर सगळे दाराकडे बघत उभे राहिले. आकांक्षा भिंतीवर फोनची जागा आखत होती, तिचीही पेन्सिल थांबली.

थोड्या वेळाने दार उघडलं. हिंमतराव यंत्रं कानांत परत बसवत बाहेर आले. घोळक्यातल्या सगळ्यांत जुन्या प्रेसवाल्याने, तुकोजीरावांनी, टोपी काढून शेजाऱ्याच्या हातात दिली आणि ते आत जाऊन स्टुलावर बसले.